वातींनी बुजवलेली होडी

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मी वैदेहीताईला कबूल केलं होतं. काल संध्याकाळी आम्ही दोघी सरोवराच्या लाकडी धक्क्यावर पाय सोडून बसलो होतो, तेव्हा तिनं ती मला सांगितली, आणि सांगून झाल्यावर म्हणाली, "अनया, हे कुणापाशी बोलायचं नाही हं. मोहनकाकांपाशी तर मुळीच नाही." मोहनकाका म्हणजे माझे बाबा. मी मान हलवली. मी फारशी कुणाशी बोलतच नाही, म्हणून लोक मला बिनघोर काहीही सांगतात.

पण मला राहवत नाही. बोलायचं नाही असं ताई म्हणाली. लिहायचं नाही, असं काही म्हणाली नाही. आज दुपारपासून इथली वीज गेली आहे. बाहेर धुकं उतरलंय, आणि माळ्यावरच्या या खोलीत ताईच्या आईनं, म्हणजे प्रतिमाकाकूनं, कंदील लावून ठेवलाय. तेव्हा कंदिलाच्या जवळ सरका आणि ऐका.

उल्हासकाका म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ, वैदेहीताईचे वडील. अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावात त्यांना सगळे हृदयाचे डॉक्टर म्हणून ओळखत. जन्म नागपूरचा, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो अमेरिकेला येताना, विमानाच्या खिडकीतून. अशा माणसाला पाण्याचं वेड कसं लागलं, देव जाणे. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये पाइनच्या रानात, एका सरोवराकाठी त्यांनी हे छोटं घर घेतलं. मागच्या शेडमध्ये आधीच्या मालकाची मासेमारीची जुनी लाकडी होडी पडलेली होती. घराबरोबर होडी मिळाली की होडीसाठी त्यांनी घर घेतलं, हे कुणालाच नीट कळलं नाही. दर उन्हाळ्यात काका इथं यायचे, पहाटे गळ घेऊन निघायचे आणि ऊन डोक्यावर आलं की परतायचे.

प्रतिमाकाकू मासे खाणं सोडाच, त्यांचा वासही सहन करत नसे. म्हणून काकांची शेगडी अंगणात, कढई अंगणात, आणि खाऊन झालं की अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायची परवानगी नाही. एवढं सगळं काका हसत पाळायचे. त्यांचं मागणं एकच असायचं. होडी सोडताना ते धक्क्याकडे बघून म्हणायचे, "प्रतिमा, एकदा तरी बस गं. नुसती बस."

"पुढच्या वर्षी," काकू म्हणायची. "ज्या पाण्याचा तळ दिसत नाही, त्यात मी पाय घालत नाही."

अशी पुष्कळ पुढची वर्षं गेली. मग एका मार्च महिन्यात काका झोपेतच गेले. पाण्यावर नाही, होडीत नाही. आपल्या घरी, आपल्या पलंगावर.

दहाव्या दिवसाचे विधी शॉमबर्गजवळच्या एका रानातल्या तळ्याकाठी झाले. थंडी अजून सरली नव्हती. गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअरचं काम करायचे आणि शनिवार-रविवार गुरुजी असायचे. त्यांनी पानावर पिंड मांडला, तो नेमका 'पक्ष्यांना खायला घालू नये' अशा पाटीच्या खाली. आम्ही सगळे लांब उभे राहिलो. कावळे होते, नाही असं नाही. पार्किंगच्या दिव्याच्या खांबावर ओळीनं बसले होते आणि आमच्याकडे बघत होते. खाली मात्र एकही उतरेना. उलट तळ्यातून जाडजूड कॅनडा गीझ, म्हणजे तिथले रानहंस, डुलत डुलत पिंडाकडे निघाले, आणि बाबा छत्री घेऊन त्यांच्या मागे धावले.

"दादा," बाबा धापा टाकत म्हणाले, "वहिनीला आम्ही एकटं पडू देणार नाही."

कावळे ढिम्म.

"घराकडे, बागेकडे मी स्वतः बघीन."

एका कावळ्यानं पंख साफ केले, इतकंच.

"वैदेहीचं लग्न मी पुढाकार घेऊन..."

"मोहनकाका, प्लीज!"

"अगं, कावळ्यासाठी म्हणतोय मी."

"भावजी," काकू हळूच म्हणाली, "तिच्या लग्नाची काळजी त्यांना कधीच नव्हती हो."

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. परवानगी दुपारपर्यंतचीच होती. "दर्भाचा कावळा करून लावू या का? शास्त्रात चालतं," ते म्हणाले.

वैदेहीताईला ते ऐकवेना. आपल्या बाबांच्या पिंडाला गवताचा कावळा? ती एकटी पुढे गेली, ओल्या गवतात गुडघे टेकून बसली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलली. ती उठायच्या आतच पंखांचा आवाज झाला. एक कावळा तिच्या खांद्यावरून सरळ खाली आला आणि त्यानं पिंडाला चोच लावली.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. बाबांनी डोळे पुसले. मग आम्ही गाड्यांत बसून जेवायला गेलो. ताई काय बोलली, हे कुणी विचारलं नाही. असं विचारतही नाहीत.

ती म्हणाली होती, "बाबा, तुमची होडी मी नीट करीन. आईला तिच्यात बसवीन. तुमच्यासोबत."

शेवटचा शब्द तिच्या तोंडून कसा गेला, तिलाही कळलं नाही. रडू दाबताना गेला असेल. पण आपल्याकडे पिंड शिवला की सगळ्यांना मोकळं झाल्यासारखं वाटतं, आणि त्या घाईत आपण काय शब्द दिला, कुठपर्यंतचा दिला, याचा कुणी विचार करत नाही. देणाऱ्याला घर असतं, नोकरी असते, उद्याची कामं असतात. घेणाऱ्यापाशी मात्र तेवढा एक शब्दच उरलेला असतो.

होडी वैदेहीताईच्याच वाट्याला आली. मे महिन्यात बर्फ पुरतं वितळल्यावर ती काकूला घेऊन इथं आली. तिचं ऑफिसचं काम कुठूनही करता येतं, आणि काकूला शॉमबर्गच्या मोठ्या घरात एकटं ठेवायची तिची तयारी नव्हती.

शेडचं दार उघडलं, तेव्हा ऊन मागच्या खिडकीतून येऊन होडीतून आरपार जात होतं. शेवटी शेवटी गुडघ्यांमुळे काकांनी ती पाण्यात घातलीच नव्हती. सगळ्या फळ्या सुकून एकमेकींपासून सुटल्या होत्या, आणि फटींमधून आलेल्या उजेडाच्या लांब बारीक रेघा जमिनीवर पडल्या होत्या. पुढे एक बसायची फळी, मागे एक बसायची फळी. बस्स, एवढीच होडी.

ताईनं व्हिडिओ बघून काम शिकून घेतलं. जुना रंग खरवडायचा. कुजलेलं लाकूड काढून नवं बसवायचं. फटींमध्ये कापसाचा पीळ ठासून भरायचा, वर लांबी, म्हणजे पुट्टी, लावायची, रंग द्यायचा. आणि मग होडी उथळ पाण्यात नुसती ठेवून द्यायची. आधी ती गळते, अर्धी बुडते. पण लाकूड पाणी पितं, फुगतं आणि आपल्या फटी आपणच मिटवतं. जमिनीवर राहिलेली होडी सुकून मरते, असं त्या व्हिडिओतला माणूस म्हणाला होता.

कापसाचा पीळ काही ताईला जमेना. कुठं जाड, कुठं बारीक. काकू दारात उभी राहून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"अशी वात वळतात होय? दे इकडे."

"आई, ही वात नाहीये. कॉकिंग कॉटन आहे."

"कापूसच ना? मग वातच."

काकूनं खुर्ची शेडमध्ये ओढली, बोटांना चिमूटभर राख लावली, आणि देवासाठी वळायची तशा वाती वळायला लागली. फक्त या वाती हातभर, मग दोन हात, मग होडीएवढ्या लांब झाल्या. एकसारख्या, गुळगुळीत, कुठं गाठ नाही. ताई त्या फटीत बसवायची आणि लाकडी हातोडीनं हलक्या हातानं ठोकायची. ठक्, ठक्. बाहेर पाइनमधून वारा जायचा. सरोवरावर लून पक्षी लांब सूर काढायचा, कुणीतरी खूप दूरवरून हाक मारावी तसा. ते दिवस फार सुंदर होते, ताई म्हणाली. बाबा गेल्यावर पहिल्यांदाच आई गुणगुणत होती.

मग एक दिवस ताईच्या लक्षात आलं, की होडीतली मागची फळी ओली असते. पुढची कोरडी ठणठणीत, मागची मात्र ओली. अंघोळीनंतर अंग न पुसता माणूस बसून उठल्यावर राहावी तशी. तिनं छप्पर तपासलं. छप्पर पक्कं होतं. तिनं फळी पुसली, उन्हात धरली, परत बसवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ओली होती. ती काकांची बसायची फळी होती.

ताई इंजिनिअर. तिनं मनाशी म्हटलं, लाकूड जुनं आहे, आतला ओलावा बाहेर येतोय. असं स्वतःला समजावून ती कामाला लागली.

जुलैमधल्या एका दुपारी तिची ऑफिसची मीटिंग लवकर संपली. ती चहाचे दोन कप घेऊन शेडकडे आली आणि दाराबाहेरच थांबली. आत काकू बोलत होती. जपून, हलक्या आवाजात.

"अहो, पण एवढ्या लांब कशाला..."

मग थोडा वेळ काहीच नाही. समोरच्यानं उत्तर द्यावं इतका वेळ.

"हो, ते खरं. तळ काय, इथं तरी कुठं दिसत होता..."

पुन्हा शांतता. मग काकू हसली. ताईनं आईचं तसलं हसू कधी ऐकलं नव्हतं. लग्न ठरलेल्या मुलीचं असतं, तसं होतं ते. दाराच्या फटीतून एक वास येत होता. अंगणातल्या कढईचा, तेलात तळलेल्या माशांचा. ती कढई काका गेल्यापासून कुणी शेगडीवर ठेवली नव्हती.

ताईनं दार ढकललं. आत काकू एकटीच होती. खुर्चीत नव्हती, होडीत बसली होती, पुढच्या फळीवर, मागच्या फळीकडे तोंड करून. मांडीवर कापूस होता.

"आई... कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशी बोलणार? वाती वळताना तोंड चालूच असतं माझं." काकूनं हात पुढे केला. "आण चहा. आणि दोनच कप आणलेस होय?"

त्या संध्याकाळी ताईला तळ्याकाठचे आपले शब्द आठवले. सगळे, एकेक. होडी नीट करीन. आईला बसवीन. तुमच्यासोबत. किती वेळ बसवीन, ते ती म्हणाली नव्हती. परत आणीन, असंही म्हणाली नव्हती.

वडील गेलेच होते. आता तिच्याच शब्दावर आईही जाणार होती, आणि हसत जाणार होती.

दुसऱ्या दिवशी तिनं शेडला कुलूप लावलं, सामान गाडीत भरलं आणि काकूला घेऊन थेट शॉमबर्ग गाठलं. वाटेत काकू दर थोड्या वेळानं पाण्याची बाटली तोंडाला लावत होती.

घरी आल्यावर तिची तहान वाढतच गेली. तांब्यावर तांबे पाणी प्यायची, तरी ओठ फुटलेले. हातांची कातडी पिठात बुडवल्यासारखी पांढरी आणि खरखरीत झाली, बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, लघवी तपासली आणि रिपोर्ट अगदी उत्तम आहेत म्हणून अभिनंदन केलं. काकू खिडकीशी बसून राहायची, उत्तरेकडे तोंड करून. जेवण दोन घासांवर आलं.

आणि कावळे यायला लागले. रोज सकाळी मागच्या डेकच्या कठड्यावर ओळीनं येऊन बसायचे. ओरडायचे नाहीत, दाणा टाकला तर टिपायचे नाहीत. स्वयंपाकघराच्या काचेतून आत बघत बसायचे.

"वैदेही," एका सकाळी काकू म्हणाली, "राहिलेलं काम कधी करायचं? विचारत होते."

"कोण विचारत होतं?"

काकूनं तिच्याकडे पाहिलं. मग कठड्याकडे पाहिलं.

"कुणी नाही गं..."

ताईनं आईचा हात हातात घेतला. तो कोरडा आणि हलका लागला. तिला त्या व्हिडिओतल्या माणसाचं बोलणं आठवलं. जमिनीवर राहिलेली होडी सुकून मरते. शब्द मोडला तर आई अशी डोळ्यांदेखत सुकून जाणार, आणि पाळला तर... ते वाक्य तिनं मनातसुद्धा पुरं केलं नाही.

तिनं खूप विचार केला आणि इंजिनिअरसारखा तोडगा काढला. आईला बसवीन, असं म्हटलं होतं. फिरवून आणीन, असं म्हटलं नव्हतं. तेव्हा होडी धक्क्याला दोरानं बांधायची. वल्ही काढून घ्यायची. आईला लाइफ जॅकेट घालायचं, क्षणभर बसवायचं, आणि उतरवून घ्यायचं. शब्दही पाळला जाईल आणि आईही राहील.

ऑगस्ट सरता सरता त्या दोघी इथं परत आल्या. ताईनं रंगाचा शेवटचा हात दिला, होडी ट्रेलरवरून उतरवली आणि धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात ठेवली. आता ती गळेल, भरेल, दोन-तीन दिवस तरी फुगू द्यावी लागेल, अशा हिशेबानं ती बादली घेऊन बसली. होडीत थेंबभर पाणी आलं नाही. सगळ्या फळ्या आधीच घट्ट बसल्या होत्या, जणू सगळा उन्हाळा ती पाण्यातच होती.

"मी तयार आहे," मागून काकू म्हणाली.

सकाळ झाली होती, पण धुकं एवढं दाट होतं की धक्क्याचं टोक दिसत नव्हतं. काकूनं आंबा रंगाची रेशमी साडी नेसली होती, केसांत फूल माळलं होतं. पायांत पांढरे स्नीकर्स. ताईनं तिला त्या साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं, तेव्हा दोघींनाही हसू आलं.

"कशी दिसते मी?"

"एअरपोर्टवरच्या मावशीसारखी."

"गप गं."

पाण्याला भिणारी काकू ताईचा हात न धरता होडीत उतरली आणि पुढच्या फळीवर बसली. होडी जराही हलली नाही.

"थांब, मीही येते," ताई म्हणाली.

"तू कुठं बसणार? जागा कुठंय?"

"मागं..."

"मागं नको, वैदेही." काकूचा आवाज एकदम हळू झाला. "बसलेत ना..."

मागची फळी रिकामी होती. रिकामी आणि ओली.

ताईनं दोर मुठीत घट्ट धरला. एक टोक खांबाला, एक टोक होडीला. वल्ही धक्क्यावर तिच्या पायाशी पडली होती. वारा नव्हता, पाणी काचेसारखं स्थिर होतं. आणि तरी होडी आपली आपण धक्क्यापासून सरकली आणि धुक्यात शिरली. आधी साडीचा रंग फिका झाला, मग लाइफ जॅकेटचा, मग काहीच दिसेना.

डुबुक... डुबुक... डुबुक...

वल्ह्यांचा आवाज. संथ, सवयीच्या हातांचा. ताईनं खाली पाहिलं. वल्ही तिच्या पायाशीच होती.

दोर तिच्या मुठीतून सरसरत पुढे जात होता. धुक्यात मग काहीतरी उजळलं. बारीक बारीक पिवळ्या रेघा, एकीखाली एक, पाण्यात उतरत गेलेल्या. निरांजनाची ज्योत असते तेवढाच उजेड. ताईला कळायला वेळ लागला. त्या फळ्यांमधल्या फटी होत्या. काकूनं वळलेली प्रत्येक वात लागली होती आणि पाण्याखाली शांतपणे जळत होती. ताई म्हणाली, "अनया, खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटलीच नाही. वाटलं, इतकं सुंदर आहे तर जाऊ दे तिला. जाऊ दे दोघांना." धुक्यातून दोन माणसांचं बोलणं येत होतं. शब्द कळत नव्हते. लहानपणी गाडीच्या मागच्या सीटवर पेंगताना पुढे आईबाबा बोलत असायचे, तसं.

मग दोर संपला. खांबाला हिसका बसला, आणि बोलणं थांबलं.

"आई!" ताई ओरडली.

दोर तारेसारखा ताणला होता. तिनं दोन्ही हातांनी ओढला, पाय रोवून ओढला. पलीकडून तितक्याच जोरानं कुणीतरी धरून ठेवलं होतं. दोराचे पीळ एकेक करून सुटायला लागले. रेघा हळूहळू लहान होत चालल्या होत्या. दूर जात होत्या की खाली, ते कळत नव्हतं.

"बाबा... मी म्हटलं तसं केलं ना? बसवलं ना? आता तिला परत द्या..."

दोर आणखी करकरला. आणि त्या घटकेला तिला याच धक्क्यावरचे काका आठवले. ती लहान होती, पहिला मासा गळाला लागला होता आणि ती जिवाच्या आकांतानं ओढत होती. काकांनी मागून तिचे हात धरले होते. "ओढू नकोस, बेटा. ओढलंस की दोर तुटतो. आधी सैल सोड. त्याला वाटू दे की तो निघाला. मग तो जरासा विसावेल. तेव्हा घे. जरासंच घे. परत सैल सोड."

ताईनं डोळे मिटले आणि खांबावरची गाठ सोडली.

पुढे काही वेळ तिच्या मुठीतल्या टोकाशिवाय आईला इथं बांधणारं काहीच नव्हतं. दोर सैल पडला. ती थांबली. तळहाताला तो विसावल्यासारखा लागला, तेव्हा तिनं हातभर आत घेतला. पुन्हा ताण आला. पुन्हा सोडला. पुन्हा थांबली. घ्यायचं, सोडायचं, घ्यायचं. काकांनी शिकवलेल्या हातांनी ती काकांकडूनच आईला आणत होती, आणि पलीकडच्याला ते कळत होतं. एकदा तर दोराला दोन हलके झटके बसले. ती बरोबर करायची, तेव्हा काका तिच्या खांद्यावर थोपटायचे, अगदी तसे. ताई रडत होती, पण हात थांबवले नाहीत.

धुक्यातून होडीचं नाक बाहेर आलं. पुढच्या फळीवर काकू बसली होती. साडी कोरडी, केसांतलं फूल ताजं. लाइफ जॅकेट अंगावर नव्हतं; ते व्यवस्थित घडी करून मागच्या फळीवर ठेवलेलं होतं.

काकूनं ताईकडे पाहिलं. झोपेतून उठवलेल्या माणसासारखं पाहिलं.

"एवढ्यात?" ती म्हणाली.

ताईनं तिला दोन्ही हातांनी धरून धक्क्यावर ओढून घेतलं आणि छातीशी कवटाळलं. आईचे हात मऊ होते, ओलसर होते. भेगा भरल्या होत्या. घरी गेल्यावर काकूनं आलं घालून चहा केला आणि पोटभर पोहे खाल्ले. तहान गेली. त्या दिवसापासून कावळेही दिसले नाहीत. काकू आता पूर्वीसारखी झाली आहे, उलट पूर्वीपेक्षा बरी. काल बाबा आणि मी इथं आलो, तर तिनं माझे गालगुच्चे घेतले आणि बाबांना चिडवलं, "भावजी, गीझ अजून तुमची आठवण काढतात."

म्हणजे सगळं नीट झालं. मी ताईला तसं म्हटलंसुद्धा. काल धक्क्यावर बसल्या बसल्या म्हटलं, "परत आली ना काकू."

ताईनं पायानं होडीकडे दाखवलं. "नीट बघ. पुढून माणूस उतरलं की होडीचं नाक वर यायला हवं. साधा हिशेब आहे. त्या दिवशी आईला मी उतरवून घेतलं, तेव्हा ते वर आलं नाही. अजून आलेलं नाही."

मी पाहिलं. रिकामी होडी बांधलेली होती. पुढून आणि मागून सारखीच खाली दबलेली, दोन माणसं भरून बसल्यासारखी.

आता कंदिलाची ज्योत जराशी खाली गेली आहे. खिडकीबाहेर काही दिसत नाही, पण खाली स्वयंपाकघरात काकू पोळ्या करते आहे, तिच्या लाटण्याचा आवाज इथं वर ऐकू येतो. बाबा आणि ताई गावात जनरेटर बघायला गेलेत. घरात आम्ही दोघीच. मला वाटतं, ताईनं उगाच घाबरू नये. होडी जुनी आहे, लाकूड पाणी प्यायलंय, म्हणून ती दबलेली असेल, आणि काकू तर इथंच...

"अनया... ए अनया... ये ना गं, जरा बसू..."

काकू हाक मारते आहे. सरोवराकडून. खाली लाटणं चालूच आहे. मी ओ दिलेली नाही अजून, आधी जिना उतरून स्वयंपाकघरात डोकावते, आणि मग...